खांदा नसलेला डबा

"जाते मी," डिंपल खालून म्हणाली. पिकअपचं दार धाडकन लागलं, ललितनं खिडकीतून हात काढून "येतो गं आई" म्हणून रोजच्यासारखी आरोळी ठोकली आणि गाडी एमआयडीसीच्या रस्त्याला लागली. धूळ खाली बसली तरी कुंदाबाई गच्चीच्या कठड्याशी उभीच. एका हातात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, घाट्याचं पातेलं, दुसरा हात पाण्यात बुडवून ओला केलेला, आणि तो ओला हात कुठे ठेवायचा हेच तिला सुचेना. जाते म्हणाली. येते नाही म्हणाली. या घरात दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा कुणी विझवला म्हटलं तर कुंदाबाईनं त्याच्या सात पिढ्या उजेडात आणल्या असत्या. आणि भरल्या घराच्या उंबऱ्यातून पाय बाहेर टाकताना सून म्हणते, जाते. शेजारच्या चटईच्या कारखान्यातल्या बाया गेटाशी उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं असणार. ऐकू दे मेल्यांना. कुंदाबाईनं पलंगावर ताणलेल्या जुन्या लुगड्यावर घाट्याचा गोळा टाकला आणि पंजानं पसरवायला घेतला. बिबडा पसरला पण गोल झाला नाही, एका अंगाला ओघळून आला. एवढी वर्षं बिबडे घातले, चंद्राला लाज वाटावी असे, आणि आज हा असा, एका बाजूला ओठ काढून रुसलेला. "निघाला असंल तोंडातून शब्द," ती बिबड्याला म्हणाली. "घाई होती. गाडी चालू होती." पण गाडी चालू असताना ललितच्या तोंडातून बरोबर 'येतो' निघालं होतं. सवयीचा शब्द घाईत चुकत नाही, उलट घाईतच बरोबर येतो. चुकला तर तो चुकलेला नसतो.

खाली त्यांच्या कारखान्याची शेड बंद होती. दार लावलेल्या शेडचा वास वर येत होता, तेलाचा, तापलेल्या लोखंडाचा, आणि त्यात कालचा एक जळका वास अजून होता. की तो तिच्याच पदराला होता? काल उडालेलं तेल लुगडं दोनदा धुऊनही गेलं नव्हतं. काल या वेळेला शेडमध्ये केवढी धामधूम होती. धुळ्याचे भाईदासशेठ आले होते, फायबरच्या बोटी बनवणारे. मोठ्या तोंडाचे, मोठ्या पोटाचे, पण माणूस सरळ. तापीच्या बंधाऱ्यात मासे धरणाऱ्यांना आणि माणसं पलीकडे सोडणाऱ्यांना लहान इंजिनाच्या बोटी द्यायच्या, त्यांच्यासाठी डबा पाहिजे होता. डबा म्हणजे गिअरबॉक्स. शेडमधे सगळे डबाच म्हणत. इंजिन फार जोरात फिरतं, पाण्यातला पंखा सावकाश फिरला पाहिजे, मधे हा डबा. पण बोटीच्या बुडाशी जागा ती केवढी, पापडाच्या डब्याएवढी. त्यात चाकं बसवायची, आणि वर बोट मागेही आली पाहिजे. पुढे, उभी, मागे. डिंपल महिनोन् महिने त्या कॉम्प्युटरपुढे बसून चाकं लहान करत होती. चाक लहान केलं की दात कमजोर, दात जाड केले की डबा मोठा. जेवताना ताटात बोटानं वरणाच्या रेघा ओढायची. "ताटात काय काढू राह्यली व," कुंदाबाई म्हणायची, "अन्न हाये ते, पाटी नाही." ललित हसायचा. तो हसायचाच.

स्टँडवर बांधलेलं इंजिन सुरू झालं, डबा पुढे फिरला, काय फिरला! तिरके दात होते, सरळ दातांसारखी किंचाळी नाही, नुसती गुणगुण. भाईदासशेठनं डब्यावर हात ठेवला नि म्हणाले, "अक्का, हा तर बाळासारखा झोपलाय." कुंदाबाईनं पेढ्यांचा पुडा उघडलासुद्धा. मग डिंपलनं दांडा मागे ओढला. गुणगुण थांबली. एक क्षण काहीच नाही. मग आतून कुणीतरी दारावर धडका द्याव्यात तसा आवाज आला, मागचं झाकण फुटलं, गरम तेलाची चिळकांडी थेट कुंदाबाईच्या पदरावर आली आणि पेढ्यांवर काळे ठिपके पडले. ललितनं इंजिन बंद केलं. शेडमध्ये सगळे गप्प. त्या गप्पपणात कुंदाबाईला सगळ्यांचे डोळे आपल्यावर आल्यासारखे वाटले. तिच्या पदरावर नाही, तिच्यावर. म्हणून ती बोलली. गप्प बसली असती तर ती कुंदाबाई कसली. डिंपलचं माहेर दोंडाईचा, मिरचीचं गाव. "दोंडाईच्याची मिरची डोळ्यात जाते हे ठाव होतं," ती म्हणाली, "डब्यात कधी घातली?" भाईदासशेठ हसले, कामगार हसले, आणि हसणं मिळालं की कुंदाबाईच्या जिभेला उतार लागायचा. "माझ्या माणसानं जन्मभर कापसाच्या जिनिंगची चाकं केली, एक चाक कधी उलटं फिरलं नाही. ज्या पोरीले मागं फिरायची एवढी हौस, तिनं आपलं माहेरीच मागं फिरावं." मग कुणी हसलं नाही. डिंपल झाकणाचे तुकडे गोळा करत खाली बसली होती, तिनं मान वर केली, कुंदाबाईकडे पाहिलं, आणि पुन्हा तुकडे गोळा करायला लागली. सगळे तुकडे गोळा केले तिनं, अगदी नखाएवढासुद्धा सोडला नाही. भाईदासशेठ म्हणाले, असू द्या, उद्या झाकणाच्या जागी पत्रा मारून आणा, पुढे तरी पाण्यात चालवून बघू, बंधाऱ्यावर बोट तयारच आहे. आणि रात्री जेवताना डिंपल रोजच्यासारखी वाढत होती, "आई, भाकरी घ्या." ताटात रेघ काढली नाही. कुंदाबाईला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. रेघ न काढणारी डिंपल म्हणजे आत काहीतरी ठरलेली डिंपल.

ऊन चढलं. पहिल्या ओळीतले बिबडे कडेनं सुटायला लागले, ते उलटायला हवे होते. ती बसून राहिली. दोंडाईचा तिथून कितीसं दूर. बंधाऱ्यावरून गाडी इकडे वळण्याऐवजी तिकडे वळायला नुसतं एक वळण. आणि तिथून पुढे पुणं. लग्नाआधी डिंपल पुण्यात गिअरच्याच कंपनीत होती, त्या लोकांचे फोन अजून येतात. ललित बोलला होता एकदा, जीभ चावून थांबला. कुंदाबाई उठून ललित-डिंपलच्या खोलीत गेली. काय शोधायला आली हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. कॉम्प्युटर नव्हता, तो तर कामाला लागतोच. खिळ्याला डिंपलचा तो डोळ्यांवरचा जाड चष्मा लटकत होता, शेडमधला. म्हणजे येणार. पण जाणारं माणूस शेडचा चष्मा कशाला नेईल? पाण्यावर काय करायचा तो? कपाट उघडायला हात गेला तसा तिनं मागे घेतला. कुंदाबाई सुनेचं कपाट उघडून बघणाऱ्यातली नव्हती; ती तोंडावर बोलणाऱ्यातली होती. निदान लोकांना ती असं सांगत असे. आरशात तिला आपला चेहरा दिसला, ओठांच्या कडा खाली ओढलेल्या, अगदी सकाळच्या बिबड्यासारख्या, आणि ती बाहेर आली.

तिच्या माहेरच्या बोलीत तसं म्हणत असतील, असंही तिनं करून पाहिलं. ती तापीच्या खालच्या अंगाची माणसं, 'आहे'ला 'शे' म्हणणारी, त्यांचं सगळं शे-शे. सून घरात येऊन तीन दिवस झाले नाहीत तो कुंदाबाईनं नक्कल करून दाखवली होती, "काय शे, कथा शे," आणि डिंपलही हसली होती, तेव्हा हसायची. असेल, त्यांच्यात जाते म्हणत असतील. पण नाही. लग्नाच्या दिवशी दोंडाईच्याच्या मांडवात, गाडीत बसताना हुंदक्यात पोरीच्या तोंडून 'जास', म्हणजे जाते, निघालं होतं आणि तिच्या आजीनं, सुंदरबाईनं, पुढे येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला होता. "जास नही म्हनानं व माय. येस म्हन." आणि पोर म्हणाली होती, "येस, आजी." कुंदाबाई शेजारीच उभी होती, हातात ओटीचा नारळ. तिला आठवतं, तेव्हा तिला किंचित रागही आला होता: आमच्या घरी चालली आणि इथे येस म्हणते! म्हणजे परत इथेच येणार? आजीनं शिकवलेला शब्द पोरीला पाठ होता. पाठ असलेला शब्द तिनं आज ठेवून दिला होता, जसा कुणी दागिना काढून ठेवतं.

देवघराच्या बाजूच्या कोनाड्यात तो लाकडी पॅटर्न होता. सागवानी, गुळगुळीत, लहान. असा पॅटर्न वाळूत दाबला की वाळूत त्याचा साचा पडतो, त्यात लोखंड ओततात, की डब्याचं अंग तयार. जीवरामनानांनी, तिच्या नवऱ्यानं, शेवटचा केला तो हा. कापूस वर चढवणाऱ्या पट्ट्यासाठी लहान डबा करायचा होता; गच्चीवर बसून पॉलिश कागदानं घासायचे, खोकायचे, पुन्हा घासायचे. त्यातून डबा ओतलेला बघायला राहिले नाहीत. तेव्हापासून खंडेनवमीला शेडमधली सगळी यंत्रं पुजून झाली की शेवटी याला कुंकू लागतं. कडेला लाल थर बसला आहे. डिंपलचा डबा कागदावर लहान होत होत एक दिवस एवढाच झाला, आणि ललित उड्या मारत आला, आई, नानांचा पॅटर्न बसतो! कुंदाबाईला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं झालं. तिनं तो स्वतःच्या हातानं सुनेला दिला. "घे. तुझ्या सासऱ्यानं आधीच करून ठेवलाय. शिकल्या-सवरल्या लोकांनी आता दात पाडा." डिंपलनं तो उलटासुलटा करून पाहिला, आत बोटं घालून पाहिली, आणि जरा वेळानं म्हणाली, "आई, याला मागच्या भिंतीला खांदा नाही." खांदा म्हणजे आतली पायरी, बेअरिंग सरकू नये म्हणून. पुढच्या भिंतीला होता, मागे नव्हता. तिरक्या दाताचं चाक फिरताना स्क्रूसारखं एका अंगाला ढकलतं, असं तिनं सांगितलं. पुढे जाताना या भिंतीकडे, मागे येताना त्या. "जिनिंगमधे उलटं फिरायचंच नसतं, म्हणून नानांनी केला नाही. मला मागची भिंत कापून जाड करावी लागेल." कापून. कुंदाबाईच्या कानात तेवढाच शब्द शिरला. "खांदा माणसाले लागतो," ती म्हणाली होती, "चौघांचा. डब्याले कायले? करवत लावायची नाही माझ्या माणसाच्या हातच्या लाकडाले. ज्याले अक्कल हाये तो हाये त्यात बसवतो." डिंपलनं पुन्हा विचारलं नाही. खांद्याऐवजी झाकणाचेच बोल्ट वाढवले, कागदावर हिशेब केला, आणि म्हणाली, बघू. ललित मधे पडायला आला तेव्हा हसतच म्हणाला होता, "राहू दे गं. बोटीला रिव्हर्स देता येईल, आईला नाही." सगळे हसले होते. कुंदाबाईही. तिला ती स्तुती वाटली होती.

म्हणजे काल धडका देत होतं ते काय होतं? गच्चीवर परत येताना जिन्यात तिचा पाय थांबला. ते चाक मागे यायला निघालं होतं आणि मागे भिंत होती पण खांदा नव्हता. हे काल तेल उडालं त्याच क्षणी तिला कळलं होतं. डिंपलला कळलं होतं. ललितला कळलं होतं. डिंपलनं मान वर करून पाहिलं तेव्हा ती एवढंच म्हणू शकत होती, आई, मी सांगितलं होतं. भाईदाससमोर, कामगारांसमोर. नाही म्हणाली. कुंदाबाईला वाटलं, म्हणाली असती तर बरं झालं असतं; दोन शब्द मी दिले असते, दोन तिनं, भांड्याला भांडं लागलं असतं नि आज ती येते म्हणाली असती. गप्प राहून पोरीनं कुंदाबाईची लाज राखली होती, आणि राखलेली लाज अंगावरच्या तेलासारखी होती, धुतली तरी वास जात नव्हता. एकदा दोन चाकं हातात धरून डिंपलनंच दाखवलं होतं, दोन चाकं एकमेकांना लागली की एक इकडे फिरतं, एक तिकडे; मधे तिसरं घातलं की फिरणं उलटतं, म्हणून मागे यायला तिसरं चाक. "तिसरं म्हणजे मी का व?" कुंदाबाईनं विचारलं होतं. "नाही आई," डिंपल लाल होऊन म्हणाली, "तुम्ही इंजिन." लबाड पोरगी. कठड्याला टेकून कुंदाबाईला हसू आलं.

फोन वाजला तो ललितचा. मागे इंजिनाचा आवाज, वारा, माणसांची ओरड. "आई, चालली! काय चालली म्हणून सांगू, भाईदासशेठ नाचायचे बाकी आहेत."

"मागं?"

"मागे नाही घेतली. पत्र्यावर कसं घेणार? नावाड्याला सांगून ठेवलंय, दांड्याला हात लावायचा नाही."

"मग काठाले परत कशी आणता?"

"वळसा घालून. सगळ्या पाण्याला मोठा वळसा घालून यावं लागतं. काठाशी लागताना दोन जण दोर घेऊन उभे राहतात."

कुंदाबाईला ते दिसलं. एवढं पाणी, आणि दोन हात मागे यायला त्या बोटीचा तो लांबलचक वळसा. "तिले दे फोन," ती म्हणाली.

"ती बोटीत आहे."

"अजून किती वेळ बोटीत?"

इंजिनाचा आवाज जवळ आला नि लांब गेला. "आई, ती बहुतेक आज दोंडाईच्याला उतरेल. दोन-चार दिवस. मग... बघू म्हणते. पुण्याचंही बघू म्हणते." आणि मग, हसणारा ललित न हसता म्हणाला, "तू काही बोलू नकोस आता. जे बोललीस ते पुरे. ठेवतो."

फोन बंद झाला. पोरगं मला गप्प राहा म्हणतं. दुसरीपर्यंत शाळा शिकलेली बाई, बोलण्यावर घर उभं केलं, शेड उभी केली, नाना गेल्यावर व्यापाऱ्यांना जिभेवर तोलून धरलं. आता बोलू नको म्हणतात. फोन करून काय बोलणार होती ती? चुकलं म्हणणार होती? तो शब्द तोंडात फिरवून पाहिला, दातांना लागला, बाहेर येईना. मागच्या भिंतीवर धडका देत राहिला. बिबडे एका बाजूनं वाळून वर वळले होते, आता उलटायला गेलं तर मोडणार. मोडू देत. तिनं पदर खोचला, कोनाड्यातला पॅटर्न उचलला, कुंकवाचा थर अंगठ्यानं पुसला नाही, तसाच घेतला, आणि खाली उतरली.

सुकदेव मिस्तरीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. पॅटर्नचा सुतार, नानांच्या वेळचा, आता बहुतेक पलंगांचे पाय नीट करायचा. कुंदाबाईनं पॅटर्न त्याच्या फळीवर ठेवला. "मागची भिंत काप. जाड फळी बसव, आतून खांदा काढ. माप सून देईल."

सुकदेवनं पॅटर्न ओळखला. हात धोतराला पुसले, पण पुढे केले नाहीत. "अक्का, हाई नानाना हातनं काम शे. मना हात चालत नही."

"नानाले मी विचारून आली."

"काय म्हनात नाना?"

"म्हणे, मेल्यावर तरी माझ्या डोक्यावर बसू नको. काप."

सुकदेव हसला, पण हात चालेना. करवत खुंटीला होती. कुंदाबाईनं ती काढली, पॅटर्न फळीवर आडवा धरला. "धरशील तरी का नुसती मूर्ती होऊन बसशील?" सुकदेवनं दोन्ही हातांनी धरला. पहिल्या ओढीला करवत सागावरून निसटली, कुंकवाच्या थरावर पांढरा ओरखडा उमटला. ती थांबली. मग पुन्हा लावली. करवत पुढे गेली तेव्हा लाकडानं तिला अडवलं, मागे ओढली तेव्हा सुटली, पुन्हा पुढे. मागे आल्याशिवाय पुढे जातच नव्हती. एवढं साधं. नानांच्या सागाचा वास उठला, इतकी वर्षं बंद असलेला, गच्चीवरच्या त्या दिवसांचा, पॉलिश कागदाचा, खोकल्याचा. भुसा तिच्या हातावर, बांगड्यांत, घामाला चिकटत होता. अर्ध्यात आली तेव्हा दंड भरून आले, तरी तिनं करवत सुकदेवला दिली नाही.

फळीच्या टोकाला ठेवलेला तिचा फोन थरथरायला लागला. थरथरत थरथरत भुशात सरकत होता. तिला नाव वाचता येत नव्हतं असं नाही, पण चष्मा वर राहिला होता. काचेवर नुसता चेहरा दिसत होता, डोळ्यांवर जाड चष्मा लावलेला, हसणारा, शेडमधे ललितनं काढलेला.

"सूनबाईना फोन शे, अक्का," सुकदेव म्हणाला.

लाकूड आता थोडंच उरलं होतं. या क्षणी सोडलं असतं तर भिंत चिरत गेली असती. तोंडात 'चुकलं' हा शब्द अजून तसाच अडकला होता, आणि फोन वाजतच होता. किती वाजतो, किती वाजून थांबतो, कुणाला ठाऊक.

"उचल," ती करवत मागे ओढत म्हणाली. "उचल आधी, बंद पडंल! तिले सांग, आई हाये. हात गुंतला हाये म्हणावं. सांग तिले..." करवत पुढे गेली, भिंत सुटून खाली पडली, आणि कुंदाबाई भुशानं भरलेले हात पुढे करत मोठ्यानं म्हणाली, "येते! येते म्हणावं तिले, येते."